‘शिकून शेवटी सिस्टरच ना?’

पत्र

बाई, नमस्कार.

मी भांडुपला राहते. बी.एस्सी. नर्सिंग होऊन ११ वर्षं झाली, त्यातली ९ एका खासगी हॉस्पिटलच्या आयसीयूत गेली. चाळीत मला नावाने कुणी हाक मारत नाही, सगळ्यांची मी ‘सिस्टर’. नाइट करून आले की दारात कुणीतरी उभं असतंच. कुणाचं बी.पी. बघायचं, कुणाला इंजेक्शन द्यायचं, कुणाचे रिपोर्ट वाचून सांगायचे. मी कधी नाही म्हटलं नाही. मागच्या वर्षी रात्री ११ वाजता शेजारच्या दादांचं बी.पी. १९०/१०० आलं, तेव्हा सासऱ्यांच्या पाकिटातली गोळी काढून दिली. सकाळी ते बरे होते, पण मला रात्रभर झोप लागली नाही.

यंदा गणपतीच्या आधी समोरच्या मामी म्हणाल्या, ‘अगं, पायाला काहीतरी झालंय, बघतेस का जरा?’ मी सलग तिसरी नाइट करून आले होते. ‘संध्याकाळी बघते, मामी’ म्हटलं आणि झोपले. संध्याकाळी विसरले. मामी पुन्हा बोलल्या नाहीत. अठरा दिवसांनी ड्यूटीवर हँडओव्हर घेताना पाहते, तर सात नंबरच्या बेडवर मामी. शुगर ४००च्या वर, पायातून अंगभर इन्फेक्शन पसरलेलं. वाचल्या. उजव्या पायाची दोन बोटं काढावी लागली.

तेव्हापासून आयसीयूत मन लागत नाही. इथे माणसं येतात तीच उशिरा. परदेशात नर्स प्रॅक्टिशनर असतात, स्वतः पेशंट तपासतात, औषध लिहून देतात, असं वाचलं. आपल्याकडे तसं होता येतं का? चाळीतच छोटी खोली घेऊन मी सुरू करू शकते का? नवरा चांगला आहे, पण परवा म्हणाला, ‘पस्तिशीत पुन्हा शिकायचं, पगार सोडायचा, आणि शिकून शेवटी सिस्टरच ना?’ बदलापूरला घेतलेल्या फ्लॅटचे हप्ते चालू आहेत, मुलगी सातवीत आहे. काय करू?

— एक सिस्टर, भांडुप

उत्तर

आधी मामींबद्दल.

त्या संध्याकाळी तू पाय पाहिला असतास तर बोटं वाचली असती का? बहुधा वाचली असती. तुझ्यापासून हे लपवण्यात अर्थ नाही, अठरा दिवसांत काय होतं ते तुला माझ्याइतकंच ठाऊक आहे. पण सगळा भार स्वतःच्या डोक्यावर घेऊ नकोस. तीन नाइट करून दमून आलेल्या एका बाईवर अख्ख्या चाळीचं आरोग्य टाकून कसं चालेल? मला दुसराच प्रश्न पडतो. मामींचा डायबेटिस काही त्या आठवड्यातला नसणार. त्या अधूनमधून कुठेतरी दाखवत असतील, शुगरचा आकडा सांगून गोळ्या घेऊन येत असतील. इतक्या वर्षांत ‘चप्पल काढा, पाय बघू द्या’ असं त्यांना किती वेळा कुणी म्हटलं असेल? एकदा विचारून बघ त्यांना. माझा अंदाज आहे की उत्तर ‘कधीच नाही’ असं येईल.

डायबेटिसच्या पेशंटचे पाय बघायला चार-पाच मिनिटं पुरतात. तळवा उजेडाकडे करायचा. प्रत्येक दोन बोटांमधली फट उघडून बघायची, कारण पावसाळ्यात ओल तिथेच मुरते आणि कातडी पांढरी पडून चिरते. मग टाचेच्या भेगा. मग दहा ग्रॅमचा मोनोफिलामेंट, म्हणजे तो नायलॉनचा बारीक दोरा, पेशंटला डोळे मिटायला लावून तळव्याला ठिकठिकाणी टेकवायचा आणि सांगायचं, ‘कळलं की हो म्हणा.’ जिथे ‘हो’ येत नाही, तिथे उद्या खिळा रुतला तरी कळणार नाही. शेवटी पायावरची नाडी. या कामाला एम.बी.बी.एस. लागत नाही. शिकलेले हात लागतात, बसून बघायला वेळ लागतो, आणि तोच पेशंट सहा महिन्यांनी पुन्हा त्याच सिस्टरसमोर येईल अशी व्यवस्था लागते. तू ज्या नर्स प्रॅक्टिशनरबद्दल विचारतेस तिच्या कामाचा गाभा माझ्या मते इथे आहे. औषध लिहिण्याचा अधिकार त्यानंतर येतो.

हे मी अनुभवाने बोलते. नर्सिंगच्या मुलींना शिकवत होते तेव्हा कम्युनिटी पोस्टिंगला त्यांना लालबाग-परळच्या चाळींत घेऊन जायचे. बॅग टेक्निक तुलाही शिकवलं असेल. जमिनीवर वर्तमानपत्र अंथरायचं, त्यावर बॅग ठेवायची, आधी साबण आणि टॉवेल बाहेर काढायचे, हात धुवायचे, मगच बाकीच्या सामानाला हात लावायचा. मुली कंटाळायच्या, म्हणायच्या, नुसतं बी.पी. बघायचंय तर हे सोपस्कार कशाला? पण हात धुवायला मोरीपर्यंत जावं लागतं ना, तेवढ्यात घर दिसतं. पिंपात पाणी किती आहे, चूल कुणाच्या हातात आहे, म्हातारं माणूस कुठे झोपतं, सगळं त्या दहा पावलांत कळतं.

अशाच एका खोलीत पासष्टीच्या एक आजी होत्या. बी.पी. काही केल्या उतरत नव्हतं. केसपेपरवर डोस दोनदा वाढवलेला दिसत होता. ‘गोळी घेता ना?’ असं दवाखान्यात विचारलं की आजी म्हणायच्या, ‘रोज घेते.’ माझी एक विद्यार्थिनी टॉवेलला हात पुसता पुसता सहज म्हणाली, ‘आजी, गोळ्यांचा डबा दाखवता?’ फडताळातून बिस्किटांचा पत्र्याचा डबा निघाला. तीस गोळ्या मिळून २६ दिवस झाले होते आणि डब्यात १७ शिल्लक होत्या. आजी दिवसाआड घेत होत्या. दवाखान्यातला साठा कधी संपला तर बाहेरून विकत आणावी लागते, मुलापुढे हात पसरायला नको, म्हणून त्या गोळ्या साठवत होत्या. डॉक्टरांसमोर रोज शंभरेक केसपेपर असायचे. आकडा वाढलेला दिसला, त्यांनी डोस वाढवला, त्यांना दोष कसा देणार? पण कुणा शेजारणीच्या सांगण्यावरून आजींनी तो वाढवलेला डोस एक दिवस नेमाने सुरू केला असता, तर चक्कर येऊन मोरीत पडल्या असत्या. त्या विद्यार्थिनीने दवाखान्यात जाऊन सांगितलं, डॉक्टरांनी डोस खाली आणला, आणि आजींना महिना संपायच्या आधीच गोळ्या मिळतील अशी तारीख ठरवून दिली. पुढे त्यांचं बी.पी. ताब्यात राहिलं. त्या दिवसापासून मी प्रत्येक बॅचला ‘गोळी घेता का?’ हा प्रश्न सोडून ‘डबा दाखवा’ म्हणायला शिकवलं.

अमेरिकेत ही कल्पना निघाली तीही दारोदार फिरणाऱ्या नर्सच्या डोक्यातून. लोरेटा फोर्ड या कोलोरॅडोत सार्वजनिक आरोग्याचं काम करणाऱ्या नर्स. आडगावांत डॉक्टर मिळत नाहीत आणि मुलं तपासायला कुणी नाही, हे त्या रोज बघत होत्या. १९६५ साली त्यांनी बालरोगतज्ज्ञ हेन्री सिल्व्हर यांना बरोबर घेऊन कोलोरॅडो विद्यापीठात नर्स प्रॅक्टिशनरचा पहिला अभ्यासक्रम सुरू केला. जानेवारी २०२५ मध्ये वयाच्या १०४व्या वर्षी त्या गेल्या, तेव्हा आम्ही जुन्या सिस्टर मंडळींनी एकमेकींना फोन केले होते. न पाहिलेल्या बाईसाठी डोळ्यांत पाणी यावं, असं काम होतं त्यांचं.

हे काम सुरक्षित आहे का, याची तपासणीही झालेली आहे. ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात २००० साली न्यूयॉर्कमधला एक अभ्यास आला. १,३१६ पेशंट होते. कुणी डॉक्टरकडे जायचं आणि कुणी नर्स प्रॅक्टिशनरकडे, हे सोडत काढावी तसं ठरवलं होतं. सहा महिन्यांनी दोन्हीकडच्या लोकांच्या तब्येतीत फरक आढळला नाही. बी.पी.च्या पेशंटांचा खालचा आकडा तर नर्सकडे सरासरी ८२ आणि डॉक्टरांकडे ८५ होता. फरक तसा लहानच, पण मला तो वाचून आमच्या आजींचा डबा आठवला.

मात्र हा अभ्यास नवऱ्यापुढे ठेवण्याआधी त्यातली एक गोष्ट नीट लक्षात घे. त्या नर्स पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या होत्या. औषध लिहिणं, स्पेशालिस्टकडे पाठवणं, भरती करणं, हे सगळे अधिकार त्यांना होते आणि कायदा त्यांच्या पाठीशी होता. सहा महिन्यांच्या कोर्सवर ‘आम्हीही तशाच’ असं म्हणता येत नाही, आणि आपण तसं म्हणूही नये.

आपल्याकडचं बोलायचं तर मला गडचिरोलीचं काम सगळ्यांत जवळचं वाटतं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने ३९ गावांत, गावातल्याच थोडंफार शिकलेल्या बायकांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं. बाळाचं वजन करणं, श्वास मोजणं, जंतुसंसर्ग ओळखणं, आणि गरज पडली तर ठरवून दिलेल्या पद्धतीने जेंटामायसिन या अँटिबायोटिकचं इंजेक्शन देणं, हे सगळं त्या करू लागल्या. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले. तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात बाळांचे मृत्यू, अशी सोय नसलेल्या गावांच्या तुलनेत, ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. ते झालं कारण त्या बायकांना काय करायचं आणि काय करायचं नाही हे रेघ मारून शिकवलं होतं, आणि कुणीतरी नियमाने येऊन त्यांचं काम तपासत होतं. नर्सने एकटीने, मागे कुणी नसताना, मनाला येईल ते करावं, असं त्यातून निघत नाही.

म्हणून तुझ्या खोलीच्या प्रश्नाला माझं उत्तर स्पष्ट ‘नाही’ असं आहे. आज आपल्या कायद्यात नर्सला स्वतंत्र दवाखाना थाटून औषध लिहिता येत नाही. २०१९च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यात कलम ३२ आहे. त्यात मधल्या फळीतल्या ‘कम्युनिटी हेल्थ प्रोव्हायडर’ला मर्यादित परवाना देण्याची, आणि प्राथमिक व प्रतिबंधात्मक उपचारांपुरती ठरावीक औषधं स्वतः लिहू देण्याची तरतूद आहे. तिच्याविरुद्ध त्या वर्षी जुलैअखेर देशभरातले डॉक्टर संपावर गेले होते. आपल्यातल्या काही जणींना त्याचा राग आला होता. मला नाही आला. डिग्री नसताना पाटी लावून बसलेले, तापाच्या प्रत्येक पेशंटला सलाईन लावणारे ‘डॉक्टर’ मुंबईच्या वस्त्यांत आपण सगळ्यांनी पाहिलेत. अर्धवट शिकलेल्यांची आणखी एक फळी नको, ही भीती खोटी नाही. तुझा हेतू कितीही चांगला असला तरी तू खोली घेऊन बसलीस की कायद्याच्या नजरेत तुझ्यात आणि त्या ‘डॉक्टरां’त फरक करणं अवघड होईल. तुझं नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन तू ११ वर्षं जपलंस, ते असं पणाला लावू नकोस.

मग कुठे जायचं? इथे एका नावाने फसू नकोस. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा ‘नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर’ असा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. तुझा आयसीयूचा अनुभव बघता तुला तो सहज सुचवला जाईल, आणि तुझ्या हॉस्पिटललाही तोच आवडेल. चांगला अभ्यासक्रम आहे. पण तुला ज्या दारातून बाहेर पडायचंय, त्याच दारातून तो तुला आणखी आत नेतो. दुसरा १८ महिन्यांचा, मिडवाइफरीतल्या नर्स प्रॅक्टिशनरचा. बाळंतपणाच्या कामाची ओढ असेल तर तो सोनं आहे, पण तुझ्या पत्रात ती कुठे दिसली नाही. तुझं लक्ष बी.पी., शुगर आणि पायांत आहे.

या कामाचं आज चालू असलेलं सगळ्यांत जवळचं रूप म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी, सगळे सी.एच.ओ. म्हणतात ते. २०१८ पासून आयुष्मान भारतमध्ये गावच्या उपकेंद्रांना हे पद मिळालं. त्या उपकेंद्रांना आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात. नर्सिंग झालेल्यांना त्यासाठी सहा महिन्यांचं कम्युनिटी हेल्थचं प्रशिक्षण असतं. अलीकडच्या बी.एस्सी.च्या अभ्यासक्रमातच ते घातलंय, तुझ्या बॅचला वेगळं करावं लागेल. एका उपकेंद्राखाली सपाटीवर साधारण ५,००० आणि आदिवासी भागात ३,००० लोक येतात. त्यांच्यातल्या तिशीपुढच्यांचं बी.पी.-शुगर तपासायचं, डॉक्टरांनी सुरू केलेल्या गोळ्या महिन्याच्या महिन्याला द्यायच्या, अडलं तर ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सेवेवरून डॉक्टरांना पेशंट दाखवायचा, वेळेवर पुढे पाठवायचं. आशाताई हाताशी असतात. कोण गोळ्या न्यायला आलं नाही हे वहीत दिसतं आणि त्याच्या घरी जाता येतं. आजींच्या डब्यापर्यंत पोहोचायची ही सरकारी वाट आहे. खडतर आहे, पद कंत्राटी आहे, मानधनाचा काही भाग कामाच्या आकड्यांवर ठरतो, आणि ऑनलाइन नोंदी भरता भरता जीव मेटाकुटीला येतो असं माझ्या विद्यार्थिनी सांगतात. तेही धरून चाल.

अडचण अशी की हे पद मुख्यतः गावातलं. मुंबईत महापालिकेचे दवाखाने, आरोग्य केंद्रं, २०२२ पासूनचा ‘आपला दवाखाना’, सगळीकडे तपासायला डॉक्टर असतात आणि सिस्टर त्यांच्यासोबत काम करते. शहरात डॉक्टर आहेत म्हणून नर्सच्या या कामाची गरज नाही, असं धोरण आखणाऱ्यांना वाटत असावं. मला ते पटत नाही. मामींना डॉक्टर मिळत नव्हता का? त्यांना पाय बघणारं कुणी मिळालं नाही. इथे गर्दीच एवढी आहे की नेमाने पाठपुरावा करणारी शिकलेली नर्स शहरालाच जास्त हवी आहे. प्रत्येक दवाखान्यात बी.पी.-शुगरवाल्यांसाठी एक सिस्टर, तिचे ठरलेले पेशंट, तिच्या हातात ठरलेला प्रोटोकॉल आणि शेजारच्या खोलीत डॉक्टर, एवढं झालं तरी आयसीयूचे कितीतरी बेड रिकामे राहतील. २०१७ साली सुरू झालेल्या उच्च रक्तदाबाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात पहिल्या पाच राज्यांत महाराष्ट्र होता, आणि त्यात हेच तत्त्व आहे: औषधांचा एकच साधा ठरलेला क्रम, प्रत्येक पेशंटचं कार्ड, आणि नर्स व आरोग्यसेविकांनी केलेला पाठपुरावा.

तुझ्यापुरतं सांगते. नोकरी लगेच सोडू नकोस. वर्षभर दोन्हीकडे बघ. एक, महापालिकेच्या स्टाफ नर्सच्या जाहिरातींवर नजर ठेव आणि वयाची अट आधी वाच, पस्तिशीत ती जवळ आलेली असते. दुसरं, तुमचं घर बदलापूरला होणार आहे हे तू जाता जाता लिहिलंस, माझ्या मते तुझ्या पत्रातली ती कामाची ओळ आहे. बदलापूर अंबरनाथ तालुक्यात येतं, पलीकडे मुरबाड. तिथली उपकेंद्रं तुला त्या घरापासून भांडुपच्या हॉस्पिटलपेक्षा जवळ पडतील. सकाळी सगळी गर्दी मुंबईकडे येत असताना तू उलट्या दिशेला जाशील. मुलीची दहावी आणि फ्लॅटचा ताबा यांचा हिशेब घाल, आणि त्याआधी रजेचे चार दिवस काढून एखाद्या उपकेंद्रावर बसून ये. आयसीयूच्या माणसाला तिथली शांतता कधीकधी खायला उठते. आवडतं की नाही हे बसल्याशिवाय कळणार नाही. कुठल्याही कोर्सची फी भरण्याआधी कॉलेजकडून कौन्सिलच्या मान्यतेचं पत्र मागून घे, आणि त्या कोर्सनंतर कुठल्या पदावर अर्ज करता येतो ते लेखी विचार. ‘पुढे बघू’ असं उत्तर आलं तर उठून ये.

आता चाळ. दादांना गोळी दिलीस ते चुकलं, आणि तुला झोप लागली नाही म्हणजे ते तुलाही कळलंय. दादांच्या किडनीचं, चालू औषधांचं तुला काय माहीत होतं? आज दादा झाले, उद्या त्यांची सून डोकं दुखतंय म्हणून येईल, तिचं बी.पी. वाढलेलं असेल आणि तिला दोन महिने झालेत हे तिने घरात सांगितलेलं नसेल. सासऱ्यांच्या पाकिटात टेल्मिसार्टन ही बी.पी.ची गोळी असेल तर ते पोटातल्या बाळाला घातक आहे. दुसऱ्याच्या पाकिटातली गोळी कधीही, कुणालाही द्यायची नाही. बी.पी. उतरवायला निफेडिपिनची कॅप्सूल फोडून जिभेखाली टाकायची जुनी सवय तुमच्याकडे अजून कुणाची असेल तर तीही मोड. बी.पी. धाडकन उतरलं की मेंदूचा आणि हृदयाचा रक्तपुरवठाच कमी पडतो.

पण बी.पी. बघणं बंद करू नकोस. उलट नीट बघ. नाइटवरून आल्यावर दारात नको. रविवारी सकाळची एक वेळ ठरव आणि सगळ्यांना सांग. आलेल्या माणसाला पाच मिनिटं गप्प बसव, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, लघवीला जाऊन आलेलं, अर्ध्या तासात चहा-तंबाखू नाही. बाही वर सारून आवळायची नाही, दंड उघडा हवा आणि हृदयाच्या पातळीला टेकलेला. मिनिटभराच्या अंतराने दोनदा. चाळीत कुणाचं बी.पी. जिना चढून आल्याबरोबर बघितलं तर निम्मी चाळ बी.पी.ची पेशंट निघेल. आकडा तारखेसह त्यांच्याच वहीत लिहून दे, आणि ती वही घेऊन त्यांना जवळच्या दवाखान्यात पाठव. संध्याकाळचा दवाखाना असेल तर कामावरून येणाऱ्यांचाही खाडा होत नाही. पुढच्या रविवारी ‘गेला होतात का?’ विचार आणि डबा मागून घे. आकडा १८०/१२० च्या घरात असेल आणि सोबत छातीत दुखणं, धाप, जीभ जड, तोंड वाकडं, एका बाजूला कमजोरी, नजर अंधूक, असं काही असेल तर १०८ ला फोन लाव, गोळी शोधत बसू नकोस. असं काहीच नसेल तर स्वस्थ बसवून पुन्हा मोज, आणि त्याच दिवशी किंवा सकाळी डॉक्टरकडे न्यायला घरच्यांना सांग.

दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर टी.बी.साठी थुंकी तपासायला पाठवायचं, खोकल्याच्या औषधाची बाटली मागितली तरी. आणि पावसाळ्यात जो कुणी साचलेल्या पाण्यातून चालत आलाय आणि ज्याच्या पायाला जखम किंवा चीर आहे, त्याला ताप यायची वाट न बघता ७२ तासांच्या आत डॉक्टरकडे धाड. लेप्टोला, म्हणजे अशा पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसच्या तापाला, अडवणारी गोळी वेळेत मिळाली तरच उपयोगाची. २६ जुलै २००५च्या मुंबईतल्या पुरानंतरचे ते आठवडे ज्यांनी वॉर्डात काढलेत, त्यांना हे दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही.

एवढं सगळं तू आजच्या आज, आहेस त्या रजिस्ट्रेशनवर, एकही नियम न मोडता करू शकतेस. कुणी अँटिबायोटिकसाठी अडून बसलं तर सरळ म्हण, ‘मी औषध देत नाही काका, पण तुम्हाला कुठे जायचं आणि तिथे काय सांगायचं ते लिहून देते.’ पहिल्या महिन्यात दोघं-तिघं रुसतील, रुसू देत.

राहिला नवरा. त्याच्या वाक्याचा पूर्वार्ध खरा आहे, त्यावर त्याच्याशी कागद-पेन घेऊन बस. हप्ता किती, कंत्राटी मानधन किती, मुलीचे क्लास किती. तो त्या काळजीतून बोललाय, त्याला चुकीचं ठरवून तुझं काही साधणार नाही. पण ‘शेवटी सिस्टरच ना’ हे त्याने कुठून उचललं, ते मला माहीत आहे. मी आयुष्यभर ते ऐकलंय, डॉक्टरांकडून, नातेवाइकांकडून, लग्नाच्या बैठकीत. त्याला उत्तर देऊ नकोस. एका रविवारी त्याला तुझ्याशेजारी बसव आणि वहीत आकडे लिहायला लाव.

आणि एक विचारायचं होतं. मामींच्या उजव्या पायाबद्दल तू सगळं लिहिलंस, डाव्याबद्दल काहीच नाही. एका पायाला झालं की दुसऱ्याचा धोका वाढलेला असतो, शिवाय आता सगळा भार त्यावर येत असणार. या रविवारी पहिलं काम ते कर. त्यांना उजेडात बसव, चप्पल काढ, बोटांच्या फटी उघडून बघ, आणि काय दिसलं ते मला कळव.